उंबऱ्यातले खिळे

जना, आज सकाळी तुझ्या घराचा उंबरा शेडवर आला. सुमनवहिनी स्वतः टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून घेऊन आल्या. नव्या घराच्या भिंती झाल्यात, वर स्लॅब पडलाय, पुढचं दार तेवढं राहिलंय. जुन्या चौकटीचा सागवानी उंबरा नव्या दाराला बसवायचा, हे तू कधीच ठरवून ठेवलं होतंस. ठरवलंस, पण आणला मात्र नाहीस. लोकांची लाकडं आधी आणि घरचं सवडीनं, ही तुझी कायमची रीत. मग तू गेलास, तेरावं झालं, जुनं घर उतरवलं, आणि आता तो उंबरा माझ्यासमोर पडलाय.

अशोकनं मशीन चालूही केलं होतं. मी हातानंच खूण करून बंद करायला लावलं.

"काय झाला?" तो म्हणाला.

"खिळे असतील."

"मंग डिटेक्टर फिरव ना. तूच आनलायस."

डिटेक्टर मीच आणलाय, हे खरं. पण एवढं बोलून अशोकही भुशाची गोणी उगाच इकडची तिकडे करत बसला. जुना उंबरा मशीनला लावायच्या आधी या शेडमध्ये काय होतं, ते आम्हा दोघांनाही पाठ आहे. तू त्या घरच्या बाईकडे जायचास आणि विचारायचास, बाई, यात खिळे कुठं कुठं आहेत आणि कशाकशाचे आहेत. आज त्या घरची बाई म्हणजे तुझी बायको. ती बाहेर आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलीय, आणि विचारणारा म्हणून मी उरलोय. मला हे जमत नाही, तुला चांगलं माहीत आहे. आजही मी आधी चहा मागवला, मग पात्यांना तेल लावलं, मग काही कारण नसताना मशीनचा पट्टा तपासला.

एवढी वर्षं आपण तिघं या एका पत्र्याखाली आहोत. हत्यारं ज्याची त्याची, गिऱ्हाइकं ज्याची त्याची, पण थिकनेस मशीन तिघांचं. लाकूड एका बाजूनं आत घातलं की दुसऱ्या बाजूनं सगळीकडे एकसारख्या जाडीचं होऊन बाहेर येतं, म्हणून नाव थिकनेस. हातरंध्यानं दिवस खाणारं काम ते चहा निवायच्या आत उरकतं. ते आलं तेव्हा मी आणि अशोक खुशीत होतो. तू मात्र त्याच्याभोवती दोनदा फिरलास आणि म्हणालास, "याला आपून सांभालायचा, मंग ते आपल्याला सांभालील." उमेदीची वर्षं तू भिवंडीच्या वखारीत काढली होतीस. तिथल्या लोकांचे हात तू बघितले होतेस. आम्ही बघितले नव्हते.

तुझ्या नियमांनी मात्र आमच्या नाकी नऊ आणले. बाही कोपराच्या वर. मनगटातला दोरा काढ, अंगठी काढ, बायकोनं दिली असली तरी काढ. लाकूड आत जाताना त्याच्या मागे सरळ उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं, कारण मशीननं उलटं फेकलं तर ते तुझं पोट शोधत येणार. हातभर लांबीपेक्षा आखूड तुकडा घालायचा नाही, तो दोन रोलरांच्या मधेच लटकतो. एका दमात जास्त खायचं नाही, पातळ पातळ काढायचं. अडकलं तर वाकून आत बघायचं नाही. एका थंडीत अशोक हातमोजे घालून उभा राहिला, तर तू मशीन बंद करून त्याला नवऱ्यामुलासारखं खुर्चीवर बसवलंस आणि मोजे स्वतःच्या हातानं उतरवलेस. "मोजा गावला तर आख्खा हात घेऊन जातो. उघडं बोट निदान सुटतं तरी," म्हणालास. अशोकनं तो दिवस तोंड फुगवून काढला.

आणि लाइट. आपल्याकडे लाइट जाते तेव्हा लोक आधी शिव्या देतात, मग बिडी काढतात. तू म्हणायचास, आधी स्विच बंद, मग काय त्या शिव्या. मला ते भारी कंटाळवाणं वाटायचं. एकदा ऐनाची फळी अर्धी आत असताना लाइट गेली आणि मशीन थांबलं. थांबलेल्या मशीनला काय भ्यायचं, म्हणून मी आत अडकलेली ढलपी काढायला हात घातला. तू बाहेर हातपाय धूत होतास. ओल्या पायांनी धावत आलास, माझ्याकडे न बघता भिंतीवरचा मेन स्विच पाडलास, आणि मग माझ्या आईबापाचा उद्धार सुरू केलास. तुझ्या शिव्या संपल्या नव्हत्या तोच समोरच्या दुकानातला पंखा फिरायला लागला. लाइट आली होती. आपण दोघांनी त्या पंख्याकडे बघितलं.

त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. सुताराची दहा बोटं शाबूत ठेवल्याबद्दल काय म्हणायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. आज म्हणतो. माझी बोटं तुझ्यामुळे आहेत, जना.

हे सगळे नियम मी कुरकुरत का होईना, मानले. पटला नाही तो तुझा खिळ्यांचा नियम.

आपल्या बाजूला उंबऱ्यात खिळा ठोकतात, हे मलाही लहानपणापासून माहीत. मयत घराबाहेर गेलं की ठोकतात, गेलेल्याचा जीव घुटमळू नये म्हणून. पोर जन्मलं आणि रात्रभर रडायला लागलं की ठोकतात. दुभती गाय दगावली की ठोकतात. ठोकणारी बहुतेक घरातली म्हातारी असते, आणि एकदा ठोकला की त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. वरून दर दिवाळीला ऑइलपेंटचा हात बसतो आणि खिळा दिसेनासा होतो. मग कधीतरी घरकुल मंजूर होतं, जुनं घर पाडतात, आणि घरचा पुरुष तो उंबरा घेऊन आपल्याकडे येतो, सोन्यासारखा साग आहे, जरा साफ करून द्या म्हणून. खिळे आहेत का विचारलं तर छातीठोक सांगतो, एकपण नाय. त्याला खरंच माहीत नसतं.

म्हणून तू बायकांना विचारायचास. मला ते सुरुवातीला चोंबडेपणाचं वाटायचं. टोकावड्याच्या एका म्हातारीला तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिनं उंबऱ्यावरून हात फिरवत नेला, एका जागी थांबली, म्हणाली, "हा आमच्या म्हाताऱ्याचा." थोडी पुढे सरकली, "हा थोरल्याचा. तापानं गेला." आणि मग तिथेच बसली आणि रडायला लागली. तू तिच्याजवळ उकिडवा बसलास. मी पाणी आणायला म्हणून जो बाहेर पडलो, तो ती जाईपर्यंत आलोच नाही.

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं, "आपण सुतार आहोत, जना. लाकूड साफ करून द्यायचं, पैसे घ्यायचे. लोकांच्या घरातली मयतं कशाला उकरायची?"

"खिला लागला तर पातं तुटल."

"मग चिमटा घे, शोध, काढ. बाईला रडवायचं काय काम?"

"आपला नाय तो खिला. इचारल्याबिगर कसा काढायचा?"

हे आपलं भांडण तेव्हा सुरू झालं आणि ते कधी मिटलंच नाही. अधूनमधून थंड व्हायचं, एवढंच.

वैशाखरे गावच्या उंबऱ्याच्या वेळी तर मला वाटलं, आता तुझं तोंड बंद होणार. सासू आणि सून दोघी आल्या होत्या. तू विचारलंस, सासूनं दोन जागा दाखवल्या, सून मान खाली घालून उभी होती. दोन्ही खिळे आपण काढले आणि उंबरा मशीनला लावला. मध्यावर आल्यावर असा आवाज झाला की अजून कानात आहे. पात्याचा टवका उडून पत्र्यावर आपटला, लाकडाच्या सरळ मागे, जिथे मी पूर्वी उभा राहायचो तिथे. मी बाजूला उभा होतो, तुझ्याच नियमानं, म्हणून वाचलो. उंबरा बघितला तर तिसरा खिळा. सून तोवर निघून गेली होती. पुढे ती तुला मुरबाडच्या बाजारात भेटली तेव्हा तिनं सांगितलं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि तो खिळा तिनं सासूच्या नकळत स्वतः ठोकला होता.

मी दुसऱ्या आठवड्यात कल्याणला जाऊन डिटेक्टर घेऊन आलो. मॉलच्या दारात वॉचमनकडे असतो तसला, लोखंड असलं की चिरकतो. तो तुझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हटलं, "घे. याला सासूची भीती नाही. हा खोटं बोलत नाही आणि रडतही नाही."

तू तो हातात घेऊन उलटसुलट बघितलास, तुझ्या घड्याळावर धरून चिरकवलास, खूशही झालास. आणि तरीही पुढचा उंबरा आला तेव्हा आधी गेलास त्या घरच्या बाईकडे. फरक इतकाच पडला, की त्यानंतर तू कधी चारचौघांत विचारलं नाहीस. बाईला आंब्याखाली न्यायचास, पिण्याच्या पाण्याचं नाहीतर चुन्याच्या डबीचं निमित्त काढून, आणि एकटीला विचारायचास. "चूक इचारन्यात नव्हती, वसंता. सासूसमोर इचारला, ती चूक," म्हणालास. एकाच तुटलेल्या पात्यावरून मी मशीन घ्यायला शिकलो आणि तू आडोसा करायला. आपल्यातलं कोण बरोबर, यावर अशोकनं कधी मत दिलं नाही. तो म्हणायचा, दोन्ही करा आणि मला जेवू द्या.

आणि शेवटचं भांडणही त्यावरूनच झालं. शहापूरच्या एका गिऱ्हाइकाची अख्खी चौकट येऊन पडली होती. लग्नघर होतं, त्यांना घाई होती. मी डिटेक्टर फिरवून खुणा केल्या होत्या, खिळे उपटायला पकड हातात घेतली होती, आणि तू म्हणालास, थांब, त्यांची म्हातारी लेकीकडे गेलीय, आली की विचारू. मी भडकलो. म्हटलं, तुझ्या या सोवळ्यापायी धंदा बसेल. गिऱ्हाइकाला घाई आहे, यंत्रानं खिळा दाखवलाय, मी काढतोय, आणि तुला म्हातारीची परवानगी पाहिजे. बरंच बोललो. तू मशीनचा स्विच बघितलास, बंद आहे ना ते, डबा उचललास आणि म्हणालास, "उद्या बोलू."

तो उद्या आला तेव्हा अशोकचा फोन आला आणि मी तुझ्या पाड्यावर पोचलो. तुला अंगणात ठेवलं होतं. काल माझ्याशी भांडलेला माणूस काही न बोलता पडून राहतो, याचा मला राग आला. दुःख नंतर आलं. आधी रागच आला, हे तुला सांगायला हरकत नाही. तिथेही मी कडेलाच उभा राहिलो. तुला नेताना खांदा दिला आणि नदीवरून परस्पर घरी गेलो, त्यामुळे मागे घरात काय काय झालं ते मला माहीत नाही.

शहापूरची ती चौकट अजून तशीच पडलीय. म्हातारी आली, पण तिच्याकडे जायचं कोणी, म्हणून मी गिऱ्हाइकाला रोज नवी थाप मारतो. डिटेक्टर खुंटीला आहे. मला कोणी अडवत नाही. तरी पकड हातात घेतली की उगाच दाराकडे बघतो, आता तू म्हणशील थांब. तू म्हणत नाहीस आणि काम पुढे जात नाही.

तर आज उंबरा आला. चहा संपला, तेल लावून झालं, पट्टा दोनदा बघून झाला. मी डिटेक्टर काढला आणि उंबऱ्यावरून फिरवला. तीन ठिकाणी चिरकला. मी खडूनं तीन फुल्या मारल्या. अशोक बघत होता. तीन फुल्या, म्हणजे त्यातली एक तुझी, असं मी धरून चाललो. पकड घेतली आणि पहिल्या फुलीवर टेकवली. कुठली तुझी ते मला कळत नव्हतं, जना. यंत्र तिन्ही जागी सारखंच चिरकलं होतं. तुझा खिळा मी असाच उपटून भुशात टाकला असता आणि मला कळलंही नसतं. पकड खाली ठेवली आणि बाहेर आंब्याखाली गेलो.

"वहिनी," मी म्हटलं. त्यांनी वर बघितलं. मी खाली बसलो, तू बसायचास तसा, आणि गुडघा कटकन वाजला.

"उंबऱ्यात तीन खिळे लागलेत. कोणाकोणाचे आहेत, सांगता का?"

त्यांनी पदर खोचला. मग उठल्या, आत आल्या. अशोक न सांगता बाहेर गेला. त्यांनी खडूच्या फुल्यांवरून बोट नेलं.

"हा मामंजींचा. हा सासूबाईंचा. हे दोन काढा. लय वर्सा झाली, त्यांची काय हरकत नसंल." तिसऱ्या फुलीवर बोट थांबलं. "हा नका काढू, भावजी. ही आमची पयली. सा महिन्यांची होती. तुमाला बोलले नसतील ते कदी."

तू बोलला नव्हतास. इतकी वर्षं रोज एका डब्यात जेवलो आपण.

"नाही काढत," मी म्हटलं. "तेवढी जागा मशीनला लावत नाही. वरचा भाग हातरंध्यानं करतो, खिळ्याच्या कडेकडेनं. बसेल बरोबर." उंबरा दोन तुकड्यांत करायचा की सबंध हातानंच घ्यायचा, असलं काहीतरी मी त्यांना समजावत सुटलो. त्या मान हलवत होत्या. रडल्या नाहीत. रडत होतो तो मी.

मग शेवटी विचारलं. "आणि जनाचा? तो कुठाय? यंत्रानं तीनच दाखवले."

"त्यांचा नाय ठोकला उंबऱ्यात," वहिनी म्हणाल्या. "त्यांचा जमिनीत ठोकलाय, जुन्या घराच्या दारात. ते पातं तुटला तवाच बोलून ठेवले होते मला. माझा काय झाला तर लाकडात खिला ठोकू नको. तो उंबरा वसंता मशीनला लावनार, आनि तो काय कुनाला इचारायचा नाय. त्याच्या डोल्याला लागंल."

हसू यावं की काय व्हावं, ते कळेना. वहिनींनाच हसू आलं, आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून. तुझी सगळी ओळख त्या हसण्यात होती आणि माझीही होती.

हसू ओसरल्यावर त्यांनी उंबऱ्यावरचा खडू पदरानं पुसला, फक्त तिसरी फुली राहू दिली.

"पन तुमी तर इचारलात," त्या म्हणाल्या. "मंग आता त्यांचा काढून आनू का जमिनीतला? हितं ठोकू, लेकीच्या बाजूला?"

"ठोका," मी म्हटलं. "पण आधी मला रंधा मारून घेऊ द्या."